बर्फाने रंगविलेली सहा धोतरे

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या पाठीमागे जो पडदा आपण पाहत आहात, त्याची हकीकत सांगण्याची कामगिरी महिला शाखेकडे सोपविण्यात आली आहे. काल सायंकाळपासून अनेकांनी आम्हांला विचारले की, हे कापड कोठून आणविले, वाराला काय भाव पडला, आणि अशी छटा पुन्हा मिळेल काय. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो. कापड कोठूनही आणविलेले नाही. आपल्या मंडळाच्या संस्थापक सभासदांची ती सहा जुनी धोतरे आहेत. म्हणून वाराला भाव असा काही पडला नाही. आणि ही छटा पुन्हा मिळणार नाही, कारण रंग आम्ही घातले असले, तरी नक्षी काढण्याचे काम यंदा माघ महिन्यात शिमल्यावर पडलेल्या बर्फाने केले आहे.

मराठीत आपण लाकडाच्या भुशात झाकून ठेवलेल्या लादीलाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून भुरभुरणाऱ्या हिमालाही बर्फच म्हणतो. कारण आपल्या मुलखात या दुसऱ्याशी गाठ अशी पडतच नाही. आम्ही बोलत आहोत ते या दुसऱ्याविषयी. लग्न होऊन किंवा यजमानांच्या बदलीपायी या डोंगरावर आल्यावर पहिली काही वर्षे त्याचे कौतुक असते. पुढे नळ गोठतात, दूधवाला येत नाही, वाळत घातलेले कपडे पापडासारखे कडक होतात, आणि कौतुक ओसरते. त्या बर्फाचा संसारात काही उपयोग होऊ शकेल, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नव्हते.

आता धोतरांची गोष्ट. पन्नास वर्षांपूर्वी मंडळाचा पहिला गणेशोत्सव एका सरकारी निवासस्थानाच्या बैठकीच्या खोलीत झाला. कालक्याहून ९६ किलोमीटरांचा लोहमार्ग आणि त्यावरचे शंभराहून अधिक बोगदे पार करून आलेली ती नोकरदार माणसे. खोलीची भिंत ओलीने डागाळलेली होती. मखरामागे लावावयास पडदा हवा होता आणि वर्गणी तर मूर्तीतच संपली होती. तेव्हा सभासदांनी आपापल्या ट्रंकेतील सणावाराची धोतरे काढली, ती टाचण्यांनी एकमेकांस जोडली आणि भिंत झाकली. पाच दिवसांनी टाचण्या काढून धोतरे ज्याची त्याला परत केली. पुढे कित्येक वर्षे हा क्रम चालला. मंडळाकडे स्वतःचा मखमली पडदा आला तेव्हा तो थांबला.

तो मखमली पडदा आता विरला आहे. सुवर्णमहोत्सवासाठी नवा पडदा शिवावा, असा ठराव झाला तेव्हा आमच्या थोरल्या काकू, ज्यांचे यजमान मंडळाचे पहिले चिटणीस होते, त्या म्हणाल्या, "पहिला पडदा ज्याचा होता, त्याचाच पन्नासाव्या वर्षी का नसावा?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन धोतरे आणून आमच्यापुढे ठेवली. आणखी दोन घरांतून एकेक धोतर आले. सगळी शुद्ध सुती, काठाची, वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेली. घडीच्या जागा पिवळ्या पडल्या होत्या. एकावर लोखंडी खिळ्याचा गंज उतरला होता. आहेत तशी जोडावी तर डाग लपत नव्हते. म्हणून रंगवावी, अशी सूचना पुढे आली.

या सूचनेस विरोध झाला, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, धोतराचा मान त्याच्या शुभ्रपणात आहे. गेलेल्या माणसांची वस्त्रे रंगविणे हे त्यांच्यावर आपली आवड लादणे होय. हे बोलणे आमच्या मनाला लागले, कारण त्यात तथ्य होते. उत्तर काकूंनी दिले. त्या म्हणाल्या, "पेटीत ठेवली तर घडीवर चिरतील. मी असेपर्यंत मी उन्हं दाखवीन. मग कोण?" यावर कोणी काही बोलले नाही. मात्र ते सभासद सभेतून लवकर उठून गेले.

बर्फाची कल्पना आमची नव्हे. आमच्यातील एकीची कन्या लग्नानंतर कॅनडात असते. तिकडे दाराशी महिनोन्महिने बर्फाचे ढीग असतात आणि हौशी मंडळी त्यावर कपडे रंगवितात, असे तिने दूरध्वनीवर सांगितले. आधी आम्ही हसलो. रंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उकळते पातेले येते. थंडीत रंग चढेल कसा? पण तिने पाठविलेली छायाचित्रे पाहिली आणि मोह आवरला नाही. कापडावर जणू पाण्याने रंग उमलविले होते. पावसाळ्यात समोरच्या दरीत ढग उतरतात, तसे ते एकमेकांत मिसळत गेले होते.

पौषात पहिले बर्फ पडले, जेमतेम वीतभर. आम्ही उतावीळ झालो. काकूंच्या तीन धोतरांपैकी एक घेतले, सोड्याच्या पाण्यात बुडविले, गच्चीवर घमेल्यात ठेवून वर बर्फ रचले, त्यावर रंगाची पूड भुरभुरविली आणि रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी पाहतो तो बर्फावर रंगांची रांगोळी! आम्ही टाळ्या वाजविल्या. ते धोतर उचलून पाण्यात घातले मात्र, आणि रंग पाण्यात उतरू लागला. एक बादली, दोन बादल्या, पाच बादल्या. पाणी रंगीत आणि धोतर फिकट. अखेर हाती राहिले ते राखाडी-गुलाबी ओघळांचे एक मळकट वस्त्र. ते धोतर काकूंच्या यजमानांनी मंडळाच्या पहिल्या सभेत नेसले होते, हे आम्हांला तेव्हाच कळले.

त्या दिवशी काकूंच्या घरी जाण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणासही होईना. शेवटी आम्ही चौघीजणी मिळून गेलो. त्यांनी ते धोतर हातात घेतले, उजेडात धरले, आणि म्हणाल्या, "मंडळाचं पहिलं नाटकसुद्धा पडलंच होतं. यांनी पुढच्या वर्षी तेच पुन्हा बसवलं." मग त्यांनी ते धोतर दोरीवर टाकले आणि आम्हांला चहा दिला.

दुसऱ्या प्रयत्नास हात घालण्यापूर्वी मात्र आम्ही पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले आणि चुकले कोठे याचा शोध घेतला. जे समजले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते समजल्यावाचून केवळ कृती पाठ करून उपयोग नाही.

कच्चा रंग आणि पक्का रंग हा भेद आपल्या आज्यांना चांगला ठाऊक होता. हळदीचा रंग कापसाला लागतो, पण उन्हात उडतो आणि साबण लागताच लालसर होतो, हे लग्नातील हळदीचे कपडे धुणाऱ्या प्रत्येकीने पाहिले आहे. कुसुंबी रंग करडईच्या फुलांचा. दिसावयास देखणा, पण टिकावयास नाजूक. मंजिष्ठाचा लाल रंग पक्का, परंतु तो कापसावर सरळ बसत नाही. आधी हिरड्याचे पाणी आणि तुरटी यांचे संस्कार कापडावर व्हावे लागतात. नीळ तर पाण्यात विरघळतच नाही. तिला पिंपात आंबवून विरघळण्याजोगी करावी लागते, आणि पिंपातून काढलेले हिरवट कापड हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. गावोगावचे रंगारी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. रंग कापडाला का सोडत नाही, याचे उत्तर प्रत्येक रंगागणिक वेगळे असते.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी कृत्रिम क्विनीन बनविण्याच्या खटपटीत होता. क्विनीन साधले नाही, पण डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून एक जांभळा रंग त्याच्या हाती लागला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे रसायनशास्त्रज्ञ असंख्य रंग शोधीत राहिले. परंतु कापसाच्या तंतूशी ज्याचा प्रत्यक्ष रासायनिक बंध जुळेल, असा रंग व्यवहारात येत नव्हता. तो १९५४ साली इंग्लंडातील आय. सी. आय. या कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन या दोन शास्त्रज्ञांना साधला, आणि १९५६ साली, म्हणजे पर्किनच्या शोधाच्या शताब्दी वर्षी, प्रोसियन या नावाने तो बाजारात आला. बाटिकचे काम करणारे जे थंड पाण्याचे रंग वापरतात, ते याच जातीचे. यांना उकळावे लागत नाही. सोड्याने कापसाचा तंतू सिद्ध झाला की रंग त्याच्याशी बांधला जातो, आणि मग तो धुऊन जात नाही.

गरम पाण्याचे रंग बर्फात चालत नाहीत ते याचमुळे, आणि हे चालतात तेही याचमुळे. पण थंड पाण्याचा रंग म्हणजे गोठलेल्या पाण्याचा रंग नव्हे! येथेच आमची पहिली चूक झाली. हे रंग खोलीच्या साधारण उबेत, म्हणजे २० ते २५ अंशांच्या आसपास आपले काम नीट करतात. शून्याजवळ ते जवळजवळ झोपलेले असतात. आम्ही घमेले गच्चीवर ठेवले. रात्रभर बर्फ धड वितळले नाही. जे वितळले त्यातील रंग कापडावर नुसता पसरला, बांधला गेला नाही. बर्फाचे काम नक्षी काढण्याचे. रंग पक्का करण्याचे काम बर्फ वितळल्यानंतरच्या उबेचे आणि वेळेचे. हे दोन्ही निराळे आहेत, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

दुसरी चूक खळीची. जुन्या काळी धोतर धुतले की त्याला खळ देऊनच घडी घालीत. ती खळ आम्ही काढली नाही. आता हा रंग मोठा निःपक्षपाती असतो. त्याला कापूस काय आणि खळीतील पिठूळ द्रव्य काय, दोन्ही सारखेच. तो आधी वरच्या खळीशी बांधला गेला, आणि धुताना खळ सुटली तसा तिच्याबरोबर निघून गेला.

तिसरी चूक सोड्याची. आम्ही स्फटिकांचा धुण्याचा सोडा घेतला. या स्फटिकांत वजनाने निम्म्याहून अधिक पाणीच असते. कोरड्या भुकटीचा सोडा, ज्याला बाजारात सोडा अॅश म्हणतात, त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट स्फटिक घेतले असते तरच तेवढे बळ आले असते. आम्ही माप एकाचे धरले आणि जिन्नस दुसरा घेतला. (खाण्याचा सोडा तर येथे मुळीच उपयोगी नाही, तो फार सौम्य असतो.)

कारणे कळली, पण तोवर बर्फ सरले होते. संक्रांत कोरडी गेली. चंद्रकळा नेसून आणि बाळांना हलव्याचे दागिने घालून आम्ही आभाळाकडे पाहत होतो. पूर्वी शिमल्यात बर्फाची वाट पाहावी लागत नसे. अलीकडे त्याचा नेम राहिलेला नाही. गुढीपाडव्याचे संमेलन जवळ येत होते. कोणी म्हणाले, शीतपेटीतील बर्फ फोडून वापरा. कोणी म्हणाले, नारकंड्याहून पोत्यांत भरून आणा. पडदा सोडून द्यावा आणि बाजारातून मखमल आणावी, असे म्हणणारेही होतेच. आम्ही त्या दिवसांत एकच काम केले : उरलेली धोतरे गरम पाण्यात साबण आणि थोडा सोडा घालून दोन-दोनदा धुतली आणि खळ पूर्ण काढली. पाण्याचा थेंब टाकला की तो मण्यासारखा न थांबता लगेच शोषला जावा, ही कापड तयार झाल्याची खूण.

मापे घेता एक धोतर कमी पडत होते. पाच धोतरांत रंगमंच झाकेना. आणि अशा वेळी एके दुपारी, सभेतून उठून गेलेले ते ज्येष्ठ सभासद काकूंच्या दारी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक धोतर होते, त्यांच्या वडिलांचे. "खळ काढलेली आहे," एवढेच ते म्हणाले. आम्ही आपसात जे बोलत होतो ते त्यांच्या कानावर गेले असावे. चहाला ते थांबले नाहीत.

माघात एका रात्री बर्फ आले. पहाटे खिडकी उघडली तो देवदार वाकलेले आणि टिनाची छपरे पांढरी. मंडळाच्या लेकरांनी बादल्या घेतल्या. रस्त्याकडेचे बर्फ घ्यावयाचे नाही, त्यात धूर आणि माती असते. झाडाखालचेही नाही, त्यात पानांचा कुजका रस उतरतो. गच्चीवरचे, वरच्या थराचे, स्वच्छ बर्फ तेवढे घ्यावे. आता या वेळची कृती क्रमाने सांगतो.

एका धोतराचे वजन साधारण चारशे ग्रॅम भरले. एक लिटर पाण्यास ५० ते ६० ग्रॅम कोरडा सोडा, या प्रमाणाच्या द्रावणात प्रत्येक धोतर अर्धा तास भिजविले आणि पिळून घेतले. सोडा हाताला जाळतो, म्हणून रबरी हातमोजे हवेतच. मोठ्या टबावर लोखंडी जाळी ठेवली. जाळी अत्यावश्यक आहे. ती नसेल तर वितळलेले सर्व रंग तळाशी एकत्र होतात आणि कापड त्या गढूळ पाण्यात बसून राहते. जाळीवर धोतर मोदकाच्या पाकळ्यांसारख्या चुण्या पाडून बसविले. जेथे चुणी खोल, तेथे रंग कमी पोचतो आणि पांढरी रेघ राहते. काठ कडेस वळवून ठेवले. त्यावर चार-पाच बोटे जाडीचा बर्फाचा थर, हलक्या हाताने.

मग रंग. एका धोतरास १५ ते २० ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट पाच-सहा चमचे. नाकातोंडावर बारीक धूळ गाळणारा मुखवटा लावूनच ही पूड हाताळावी, साधे फडके पुरत नाही; ती श्वासात गेल्यास काही जणांना दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. वारा असेल तर दार लावून घ्यावे, आणि मुलांनी दूर उभे राहावे. रंगासाठी वापरलेले चमचे, चाळण, परात, काहीही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. दिल्लीहून आणविलेल्या रंगांत आम्ही तीनच निवडले : गडद निळा, पिवळा आणि जांभळा.

यानंतर जे घडते ते पाहण्यासारखे असते. ताज्या हिमात बहुतांश हवाच असते. दहा इंच हिमाचे पाणी जेमतेम इंचभर होते. म्हणून रंगाची पूड एकदम वाहून जात नाही. एकेक कण आपल्या जागी विरघळतो, थोडा उतरतो, थांबतो, पुन्हा उतरतो. आणि दुकानातला जांभळा हा बहुधा एक रंग नसतोच. तो गुलाबी आणि निळा यांचे मिश्रण असतो. पाण्यात एकदम विरघळविला तर तो जांभळाच दिसतो. बर्फात मात्र त्यातील घटक आपापल्या गतीने विरघळतात, आपापल्या गतीने धाग्यास लागतात आणि म्हणून एकमेकांपासून सुटतात. पडद्यावर उजवीकडे जी गुलाबी कड निळ्याभोवती फिरलेली दिसते, ती आम्ही काढलेली नाही. तेथे आम्ही फक्त जांभळा टाकला होता. जेथे पिवळा आणि निळा भेटले तेथे मोरपिशी झाले. जेथे पिवळा आणि जांभळा भेटले तेथे मात्र मातकट तपकिरी. समोरासमोरचे रंग शेजारी टाकू नयेत, हे आम्ही त्या तपकिरी डागावरून शिकलो. तो डावीकडे खाली आहे. फुलांची कुंडी तेथे उगाच ठेवलेली नाही.

या वेळी टब गच्चीवर ठेवले नाहीत. ते काकूंच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, बुखारीच्या आसपास मांडले. संध्याकाळपर्यंत बर्फ वितळले. मग जाळीखालचे पाणी काढून टाकले, कापड सुकू नये म्हणून टबांवर प्लास्टिकचा कागद घातला, आणि वरून घरातल्या रजया पांघरल्या. बुखारी रात्रभर विझू द्यावयाची नव्हती. आम्ही पाळ्या लावल्या. पहाटेची पाळी काकूंनी स्वतःकडे घेतली. आमच्यापैकी कोणाचेही त्यांनी ऐकले नाही. एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र अशी गेली.

धुताना कोणी बोलत नव्हते. प्रथम थंड पाणी, सोडा निघून जाईपर्यंत. मग कढत पाणी. रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच बांधला जाऊन वाया गेलेला असतो; तो या कढत पाण्यात बाहेर येतो, म्हणून पहिल्या दोन बादल्या रंगीत आल्या तरी घाबरू नये. आम्ही घाबरलो. तिसरी बादली फिकट आली, चौथी त्याहून फिकट. रात्रभर गरम पाण्यात भिजवून सकाळी साबणाने धुतले, तेव्हा पाणी स्वच्छ होते आणि रंग जेथल्या तेथे होता.

बिघडलेल्या त्या पहिल्या धोतराचे काय करावे, हा प्रश्न होता. खळ काढून तेही आम्ही या वेळी बर्फाखाली घातले. जुन्या राखाडी-गुलाबी ओघळांवर नवा निळा बसला. डावीकडून तिसरे धोतर ते. त्यात इतरांहून अधिक खोली दिसते असे चित्रकलेच्या जाणकारांनी काल सांगितले. तिचे श्रेय आमच्या चुकीस आहे, हे आम्ही त्यांना सांगितले नाही, आज सांगतो.

बर्फ आणि वस्त्र यांची सोयरीक आम्हीच प्रथम जुळविली असा आमचा दावा नाही. जपानच्या निइगाता भागात रॅमी नावाच्या वनस्पतीच्या तंतूंचे तलम कापड हिवाळ्याच्या अखेरीस उन्हातल्या बर्फावर दिवसेंदिवस पसरून ठेवतात. तेथे बर्फ रंग चढविण्यासाठी नव्हे, तर कापड शुभ्र करण्यासाठी. त्या विणकामास २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

आपल्यापैकी जे मैदानी गावांत राहतात, त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. शीतपेटीतला बर्फ फडक्यात बांधून वरवंट्याने बारीक फोडावा, काम होते. फोडलेल्या बर्फाचे पाणी अधिक होते, त्यामुळे रंगांचे ठिपके मोठे आणि पसरट येतात, इतकाच फरक. उन्हाळ्याच्या उबेत रंग पक्का होण्यास आमच्यासारख्या रजयाही लागणार नाहीत. जुनी सुती साडी, पंचा, उशीचे अभ्रे, काहीही चालेल. कृत्रिम धाग्याच्या कापडास मात्र हा रंग लागत नाही. आणि रेशमास लागत असला तरी सोड्याने त्याची चकाकी जाते, म्हणून पैठणीकडे कोणी वळू नये! रंगाचे सांडपाणी मोरीतच सोडावे. झऱ्यात, विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

आता शेवटचे. हा पडदा शिवताना धोतरांचे काठ आम्ही कापले नाहीत. काठांचे जुने रंग पक्के होते. बर्फ, सोडा, कढत पाणी, कशानेही ते ढळले नाहीत. काल सायंकाळी दिवे लागल्यावर काकू रंगमंचावर गेल्या आणि काठावरून त्यांनी एकेक धोतर आम्हांला ओळखून दाखविले. हे नाशिकचे, हे नागपूरचे, हे आमचे. सहाव्या धोतरापाशी ते ज्येष्ठ सभासद उभे होते. त्यांनी काठाला हात लावून पाहिला आणि आपल्या नातवाला जवळ बोलाविले. तो मुलगा बंगळूरला वाढला. मराठी त्याला समजते, बोलता बेताचेच येते. आजोबांनी त्याला काय सांगितले ते आम्हांला ऐकू आले नाही, पण बराच वेळ ते सांगत होते.

एके काळी मंडळाच्या पंगतीला दोन खोल्या पुरत नसत. आज आपली मुले पुण्यास, बंगळूरास आणि त्याहून दूर आहेत, आणि पंगत एका खोलीत मावते. हिवाळाही पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. पुढच्या वर्षी बर्फ पडेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण पडले तर काकूंच्या घरचे टब, जाळ्या आणि उरलेला रंग तयार आहे. ज्यांच्या ट्रंकेत तळाशी एखादे धोतर, एखादे सुती लुगडे कागदात बांधून ठेवलेले असेल, त्यांनी ते आधी खळ काढून, धुऊन तयार ठेवावे आणि बर्फ दिसताच घेऊन यावे. बुखारीपाशी पाळी करावयास माणसे लागतील, त्यांनी आजच नावे द्यावीत.